झऱ्यापासून ओठांपर्यंत: गरीब खेड्यात पिण्याचे शुद्ध पाणी कसे पोहोचवावे

एखाद्या खेड्यासाठी पाण्याची योजना करायची म्हटले की पहिली चर्चा यंत्रांची सुरू होते. बोअर किती खोल घ्यायचा, पंप किती अश्वशक्तीचा बसवायचा, टाकी कुठे बांधायची हे प्रश्न लगेच पुढे येतात आणि ज्या तीन गोष्टींवर योजनेचे आयुष्य अवलंबून असते त्या मागे पडतात. कोरड्या ऋतूच्या अखेरीस उगमात पाणी किती उरते, त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे काय आहे, आणि पाच वर्षांनी पंपाचा वायसर झिजला की तो बदलणार कोण, या त्या तीन गोष्टी. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील देशांतून २००९ च्या सुमारास जी माहिती एकत्र केली गेली, तिच्यानुसार तिथले साधारण एक तृतीयांश हातपंप बंद पडलेले होते. प्रत्येक पंप बसवताना कोणीतरी पैसा आणि श्रम ओतले होते, आणि बसवला त्या दिवशी प्रत्येकातून पाणी आले होते. म्हणून या लेखात बांधकामाइतकीच जागा मोजणी, तपासणी आणि देखभाल यांना दिली आहे.

आधी विचारावे, मग मोजावे

कामाची सुरुवात पाणी भरणाऱ्यांपासून करावी. बहुतेक समाजांत हे काम बायका आणि मुली करतात, पण बैठकीत पुढे बसून बोलतात ते वेगळेच लोक. कोणता पाणवठा कोणत्या महिन्यात आटतो, कुठल्या विहिरीच्या पाण्याला पहिल्या पावसानंतर वास येतो, कोणत्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे रोज डोक्यावर भांडे वाहणाऱ्या बाईला जितके ठाऊक असते तितके कुठल्याही नकाशात सापडत नाही. त्यासाठी एक दिवस पहाटे तिच्याबरोबर पाण्याला जावे आणि घड्याळ लावून जाण्याचा, रांगेत थांबण्याचा व परत येण्याचा वेळ मोजावा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त मोजमापात हा सगळा वेळ मिळून तीस मिनिटांच्या आत असेल तरच त्या घराला पाण्याची मूलभूत सोय आहे असे धरतात. रांगेतला वेळ त्यात मोजायचा असतो, हे पुष्कळदा विसरले जाते.

त्याच फेरीत वस्तीचा हाताने काढलेला नकाशा तयार करावा. त्यात सर्व पाणवठे, शौचालयांचे खड्डे, गोठे, उकिरडे, सांडपाण्याच्या वाटा आणि जमिनीचा उतार दाखवावा. सर्वांत गरीब घरे कुठे आहेत हेही त्यावर न विसरता नोंदवावे, कारण ती बहुधा कडेला, उंचावर किंवा पाणी साचणाऱ्या सखल भागात असतात आणि नळाची वाहिनी नेमकी त्यांच्या अलीकडे संपते. सार्वजनिक नळाच्या जागा ठरवताना सुरुवात या टोकाच्या घरांपासून केली, तर मधल्या घरांची सोय आपोआप होते. उलट दिशेने केली तर टोकाच्या घरांचा पैसा नेहमीच कमी पडतो.

गरजेचा हिशेब माणशी धरावा. आपत्तीच्या काळात मदतकार्य करणाऱ्या संस्था माणशी दिवसाला किमान १५ लिटर हे प्रमाण मानतात. ते पिणे, स्वयंपाक आणि जुजबी स्वच्छता एवढ्यासाठीच आहे. कायमच्या योजनेत माणशी ४० लिटर तरी धरावेत, आणि उगम साथ देत असेल तर त्याहून अधिक. जनावरे, शाळा आणि दवाखाना यांचे पाणी वेगळे मोजावे. ते मोजले नाही म्हणून वापर थांबत नाही, माणसांचे पाणी मात्र कमी होते.

यानंतर उगम मोजावा. झरा असेल तर त्याचे सगळे पाणी एका पन्हळीतून एकत्र आणून तिच्याखाली २० लिटरची बादली धरावी आणि ती किती सेकंदांत भरते हे पाच वेळा पाहून सरासरी काढावी. समजा, बादली ८० सेकंदांत भरते. म्हणजे सेकंदाला पाव लिटर, तासाला ९०० लिटर आणि दिवसाला २१,६०० लिटर झाले. वस्ती ४०० माणसांची असेल तर माणशी ४० लिटरप्रमाणे १६,००० लिटर लागतील, तेव्हा आज तरी हा झरा पुरेसा आहे. पण लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांनी वाढत गेली तर वीस वर्षांनी वस्ती जवळपास ६०० होईल, गरज २४,००० लिटरवर जाईल आणि झरा अपुरा पडू लागेल. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर मांडावी आणि दुसरा उगम किंवा पावसाचे पाणी यांचा विचार तेव्हाच करून ठेवावा. ही मोजणी कोरड्या ऋतूच्या अखेरच्या आठवड्यांत केलेलीच ग्राह्य धरावी. पावसानंतर भरभरून वाहणारा झरा पाहून आखलेल्या योजना ऐन टंचाईत कोरड्या पडतात.

दिसते स्वच्छ, पण पिण्यासारखे आहे का?

पाण्यातला धोका दोन जातींचा असतो आणि त्यांत गल्लत करून चालत नाही. पहिला धोका जंतूंचा. माणसांच्या आणि जनावरांच्या विष्ठेतून येणारे जंतू पटकी, विषमज्वर, आमांश आणि लहान मुलांचे जुलाब घडवतात. हे आजार काही तासांत किंवा दिवसांत दिसतात आणि जंतू उकळण्याने मरतात, आणि बहुतेक क्लोरीननेही. दुसरा धोका विरघळलेल्या रसायनांचा, म्हणजे आर्सेनिक, फ्लोराईड आणि नायट्रेट यांचा. त्यांचा परिणाम बहुधा अनेक वर्षांनी दिसतो (तान्ह्या बाळांना होणारा नायट्रेटचा त्रास हा अपवाद), आणि उकळल्याने ती जात नाहीत. पाणी आटते तशी त्यांची तीव्रता उलट वाढते.

ही गल्लत किती महाग पडू शकते हे बांगलादेशात दिसले. तळ्यांच्या दूषित पाण्याने मुले जुलाबांना बळी पडत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून तिथे नळकूप मोठ्या प्रमाणावर खोदले गेले. जंतूंच्या दृष्टीने ते पाणी पुष्कळच चांगले होते. मात्र उथळ थरांतल्या त्या पाण्यात आर्सेनिक होते, आणि ते १९९३ मध्ये लक्षात येईपर्यंत कोट्यवधी लोक ते पीत होते. पुढे लाखो नळकूप तपासून धोकादायक पंपांना लाल आणि सुरक्षित पंपांना हिरवा रंग देण्यात आला. खोदण्याच्या काळात आर्सेनिकची तपासणी हा नेहमीच्या चाचण्यांचा भाग नव्हता. आज ती आहे, आणि ती टाळण्याला कोणतेही कारण पुरेसे नाही.

म्हणून नवा उगम वापरात आणण्यापूर्वी प्रयोगशाळेतून एकदा पूर्ण रासायनिक तपासणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम, फ्लोराईड १.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम अशा आहेत. यांपैकी काही मर्यादेबाहेर गेले तर शुद्धीकरणाचे यंत्र विकत घेण्याआधी दुसरा उगम शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आर्सेनिक किंवा फ्लोराईड काढणारी साधने आहेत, पण त्यांतला माध्यमाचा थर ठरावीक पाण्यानंतर निकामी होतो आणि तो निकामी झाला हे चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही. गरीब वस्तीत वर्षानुवर्षे ती नजर ठेवणे फार अवघड असते. वेगळ्या खोलीवरचा थर, शेजारच्या ओढ्याचे गाळलेले पाणी किंवा छपरावरचे पावसाचे पाणी हे पर्याय बहुधा अधिक टिकाऊ ठरतात. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी वेगळा उगम आणि धुण्याभांड्यांसाठी जुना उगम अशी विभागणीही करता येते.

जंतूंची तपासणी मात्र वारंवार करावी लागते. त्यासाठीची कसोटी अशी की १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा ई-कोलाय हा जिवाणू एकही सापडू नये. प्रयोगशाळा दूर असेल तर एच-टू-एस बाटलीची साधी चाचणी उपयोगी पडते. या चाचणीचे रसायन आत घातलेल्या निर्जंतुक लहान बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून, झाकण लावून ती ऊबदार जागी एक ते दोन दिवस ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शक्यता आहे असे समजावे. ही बाटली वस्तीतल्या सर्वांच्या नजरेसमोर ठेवावी, कारण आदल्या दिवशी काचेसारखे नितळ दिसणारे आपल्या विहिरीचे पाणी दुसऱ्या दिवशी शाईसारखे झालेले पाहिल्यावर जे पटते ते तासभराच्या व्याख्यानाने पटत नाही. काही ठिकाणी भूजलातच गंधकयुक्त वायू असतो आणि तिथे ही चाचणी फसवते. पाण्याला मुळातच कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर प्रयोगशाळेचाच निकाल मानावा.

झरा बांधून घेणे

उतारावर, वस्तीच्या वर झरा असेल तर त्याच्याइतका चांगला उगम नाही. वीज लागत नाही, इंधन लागत नाही आणि मोडण्यासारखे भागही थोडेच असतात. पण झऱ्याचे पाणी शुद्ध असते ते जमिनीतून बाहेर पडेपर्यंतच. उघड्या डबक्यात आले की त्यात पाने, जनावरांचे खूर आणि पावसात वाहून येणारी घाण मिसळते. बांधकामाचा सारा उद्देश पाण्याला उजेडात न आणता थेट नळात घेणे हा आहे.

प्रथम झऱ्याचा डोळा शोधावा. वरवर दिसणाऱ्या ओलाव्यापासून डोंगराच्या दिशेने हळूहळू माती काढत जावे आणि खडकाच्या फटीतून किंवा वाळूच्या थरातून पाणी प्रत्यक्ष जिथे उमलते तिथे थांबावे. इथे घाई करू नये आणि सुरुंग तर कधीच लावू नये, कारण धक्क्याने फट सरकून झरा कायमचा वाट बदलू शकतो. डोळा सापडला की त्याच्या पुढे धुतलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा थर द्यावा, त्याच्या पुढे सिमेंटची लहान पेटी बांधावी आणि बाजूंनी चिकणमाती ठेचून बसवावी.

या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक पेटीच्या उंचीची असते. पेटीतल्या पाण्याची पातळी झऱ्याच्या मूळ डोळ्याच्या वर कधीही जाता कामा नये. ती वर गेली की आतले पाणी मागे दाब देते, झरा सोपी वाट शोधतो आणि काही महिन्यांनी पेटीच्या शेजारून किंवा खालच्या अंगाने फुटून निघतो. म्हणून सांडवा-नळी आधी बसवावी, तिचे तोंड डोळ्यापेक्षा खाली ठेवावे, ती पुरेशी रुंद असावी आणि तिच्या टोकाला बेडूक व उंदीर आत शिरू नयेत म्हणून जाळी असावी. पाणी नेणारी नळी तळापासून थोडी वर बसवावी, म्हणजे गाळ खाली राहतो. गाळ काढण्यासाठी अगदी तळाला धुण्याची वेगळी नळी ठेवावी. पेटीवर घट्ट बसणारे कुलूपबंद झाकण घालावे. पेटीच्या वरच्या अंगाला आठ-दहा मीटरवर अर्धचंद्राकृती चर खणून पावसाचे पाणी बाजूला वळवावे, आणि त्याच्याही वरपर्यंत कुंपण घालून आतली चराई, शेती व शौचालय बंद करावे.

पेटीपासून वस्तीपर्यंत पाणी स्वतःच्या वजनाने येते. उंचीतल्या दर दहा मीटर फरकाला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब तयार होतो, तेव्हा उतार फार असेल तर वाहिनी फुटू नये म्हणून मध्ये दाब तोडणारी उघडी टाकी बांधावी लागते. वाहिनी जिथे उंचवट्यावरून जाते तिथे हवा कोंडून प्रवाह अडतो म्हणून हवेचा व्हॉल्व्ह, आणि जिथे खोलगटात उतरते तिथे गाळ बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह बसवावा. प्लॅस्टिकची वाहिनी उन्हाने ठिसूळ होते म्हणून ती हातभर तरी, शक्यतो मीटरभर, खोल गाडावी. वर घेतलेल्या उदाहरणातला झरा रात्रीच्या दहा तासांत ९,००० लिटर देतो, पण तेव्हा पाणी भरायला कोणी नसते. तेवढे पाणी साठवणारी टाकी वस्तीच्या वर बांधली की सकाळच्या गर्दीच्या दोन तासांत सर्व नळांना पुरेसा प्रवाह मिळतो. टाकी नसेल तर तोच झरा सकाळी अपुरा आणि मध्यरात्री वाया अशी अवस्था होते.

विहीर, हातपंप आणि इतर उगम

जुनी उघडी विहीर टाकून देण्याची गरज नाही, पण तिला बंदिस्त करावे लागते. वरचा सुमारे तीन मीटर भाग आतून पाणी न झिरपेल असा बांधावा, कठडा उभारावा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा ओटा करावा आणि सांडलेले पाणी पन्हळीतून दूर शोषखड्ड्यात न्यावे. प्रत्येकाने आपापले भांडे विहिरीत सोडणे हे दूषित होण्याचे मोठे कारण आहे. जमिनीवर ठेवलेल्या दोराला आणि पोहऱ्याला चिकटलेली घाण थेट पाण्यात जाते. झाकण घालून हातपंप बसवणे उत्तम, आणि ते शक्य नसेल तर निदान रहाटाला कायमचा बांधलेला एकच पोहरा असावा व तो खाली कधीच टेकू नये. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून ३० मीटर तरी दूर असावा, उताराच्या खालच्या बाजूला असावा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर तरी वर असावा. भेगाळलेल्या खडकात किंवा चुनखडीच्या प्रदेशात एवढे अंतरही पुरत नाही, कारण तिथे पाणी मातीतून गाळले न जाता फटींतून धावते.

हातपंप निवडताना तो किती खोलीवरून पाणी खेचतो याबरोबर तो उघडायला किती माणसे लागतात हेही विचारावे. युनिसेफच्या सहभागाने १९७० च्या दशकात भारतात विकसित झालेला इंडिया मार्क-दोन हा पंप सुमारे ४५ मीटरपर्यंत उत्तम चालतो आणि जगभर पसरला आहे, पण त्याच्या दट्ट्याचा वायसर बदलायचा तर जमिनीखालची सगळी नळी वर काढावी लागते, आणि त्याला खास अवजारे व चार-पाच धट्टीकट्टी माणसे हवीत. नंतर आलेल्या मार्क-तीन आणि आफ्रिदेव या पंपांत नळी जागेवर ठेवून फक्त दांडी व दट्ट्या वर ओढता येतो, आणि थोड्या शिकवणीनंतर वस्तीतल्या दोन-तीन व्यक्तींना ते जमते. तरीही, ज्या पंपाचे सुटे भाग जवळपास मिळतात तो पंप घ्यावा. कागदावर सरस असलेला पण भाग न मिळणारा पंप निरुपयोगी आहे. सौर पंपाने पाणी वर चढवण्याचे काम स्वस्तात होते, मात्र त्याचा नियंत्रक बिघडला की गावातला मिस्त्री हात टेकतो, म्हणून तो बसवताना दुरुस्तीचा लेखी करार बरोबर घ्यावा.

पावसाच्या पाण्याचे गणित सरळ आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडत असेल आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ३२,००० लिटर मिळतात. पाच माणसांच्या घराला फक्त पिण्या-शिजवण्यासाठी माणशी पाच लिटर धरले तर १२० कोरड्या दिवसांना ३,००० लिटरची टाकी पुरते. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी बाजूला सोडण्याची सोय, तोंडाला बारीक जाळी आणि घट्ट झाकण या तीन गोष्टी चुकवू नयेत. उघडी टाकी म्हणजे डासांची पैदास.

नदी किंवा तळे हाच एकमेव उगम असेल तर पाणी गाळणे अनिवार्य आहे, आणि त्यासाठी मंदगती वाळूची गाळणी हे दोनशे वर्षांचे परखलेले साधन आहे. बारीक वाळूच्या मीटरभर थरातून पाणी तासाला १० ते २० सेंटिमीटर इतक्या संथपणे उतरू द्यायचे. काही आठवड्यांत वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांचा एक साय धरल्यासारखा थर तयार होतो आणि रोगजंतूंचा नाश मुख्यतः तिथे होतो. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली, तर त्याला लागून असलेल्या, त्याच एल्बे नदीचे आणि तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे पाणी पिणाऱ्या आल्टोना शहराला त्या मानाने फारच कमी झळ लागली. आल्टोनाचे पाणी वाळूतून गाळलेले होते, हॅम्बुर्गचे नव्हते. गाळणी तुंबली की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू खरवडून काढायची असते, आणि ती कोरडी मात्र कधी पडू द्यायची नसते.

क्लोरीनची मात्रा

क्लोरीन स्वस्त आहे, आणि शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होण्यापासून काही काळ राखणे हा त्याचा असा गुण आहे जो उकळलेल्या पाण्यात नसतो. त्याला दोन अटी आहेत. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होते, म्हणून आधी तुरटीने निवळून घ्यावे. आणि मात्रा अंदाजाने नव्हे, मोजून घालावी.

विहिरीचे उदाहरण घेऊ. व्यास तीन मीटर आणि पाण्याची उंची दोन मीटर आहे. व्यासाचा वर्ग ९, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागले आणि पुन्हा २ ने गुणले की १४.१३ घनमीटर, म्हणजे १४,१३० लिटर पाणी झाले. लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे तर सुमारे २८ ग्रॅम क्लोरीन लागेल. ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीनचे प्रमाण ३० टक्के असेल तर २८ भागिले ०.३०, म्हणजे साधारण ९३ ग्रॅम पावडर वापरावी. पावडर उघडी राहिली की तिचे बळ झपाट्याने उतरते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी आणि डब्यावर खरेदीची तारीख लिहावी.

ही पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पातळ करावी, बादली पाऊण भरावी, ढवळून दहा मिनिटे स्थिर ठेवावी आणि वर आलेले निवळ पाणीच दुसऱ्या बादलीत घ्यावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. दुसरी बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी, म्हणजे द्रावण सर्वत्र मिसळते. हे काम रात्री पाणी भरणे संपल्यावर करणे चांगले. निदान अर्धा तास गेल्याशिवाय पाणी उपसू नये. अर्ध्या तासानंतर शिल्लक क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास असावे आणि शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत ०.२ पेक्षा कमी होऊ नये. हे मोजण्याची रंगाची छोटी पेटी वापरायला दहा मिनिटांत शिकता येते. शिल्लक शून्य आली तर पुढच्या वेळी मात्रा वाढवावी. लोक वासाची तक्रार करत असतील तर ती ऐकून, मोजून, कमी करावी, कारण वासाला कंटाळलेले कुटुंब निमूटपणे जुन्या ओढ्याकडे परत जाते.

नळापासून ओठांपर्यंत

नळाला शुद्ध असलेले पाणी घरात अशुद्ध होऊ शकते, आणि ते कसे होते हे पाहायला कोणत्याही घरात पाच मिनिटे बसणे पुरेसे आहे. खेळून आलेले मूल भांड्याचे झाकण काढते, ते जमिनीवर उलटे ठेवते, पेला मनगटापर्यंत बुडवते, पाणी पिते, तेच झाकण परत ठेवून निघून जाते. त्यात मुलाचा दोष नाही. रुंद तोंडाचे भांडे आणि सुटा पेला असेल तर कोणीही असेच करील. अरुंद तोंडाचे, तळाशी तोटी असलेले भांडे दिले, किंवा ते परवडत नसेल तर लांब दांडीचे ओगराळे देऊन ते टांगण्यासाठी भिंतीला खिळा ठोकला, तर हात पाण्याला लागण्याचा प्रश्नच मिटतो. तो खिळा महत्त्वाचा आहे, कारण ओगराळे खाली ठेवले तर सगळे व्यर्थ.

सार्वजनिक पाण्याची खात्री नसेल तेव्हा घरीच उपाय करावा. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट तसेच ठेवणे पुरते. दोन हजार मीटरहून उंच प्रदेशात तीन मिनिटे ठेवावे. जळण महाग असेल तर दोन लिटरपर्यंतच्या रंगहीन, स्वच्छ प्लॅस्टिक बाटल्यांत नितळ पाणी भरून त्या सहा तास कडक उन्हात आडव्या ठेवाव्यात, आकाश अर्ध्याहून अधिक ढगाळ असेल तर दोन दिवस. अगदी काहीच हाताशी नसेल तर जुन्या सुती कापडाचाही उपयोग होतो. बांगलादेशातल्या मतलब भागात केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनी साडी चार ते आठ पदरी दुमडून पाणी गाळणाऱ्या घरांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले, कारण पटकीचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून राहतात ते कापडात अडकतात. नारूचा रोगही जगातून जवळजवळ हटला तो कोणत्याही लशीशिवाय. कापडाने पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप देणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे हे त्यातले मुख्य उपाय होते. कापडाने सर्व जंतू जात नाहीत, म्हणून तो पर्याय दुसरे काही नसतानाचाच आहे.

माणूस, पैसा आणि वही

योजना सुरू होण्याआधी चार-पाच जणांची पाणी समिती नेमावी आणि तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात, केवळ सहीपुरत्या नव्हे, तर पैशांची पेटी आणि पंपाची चावी सांभाळणाऱ्या. दुरुस्ती शिकणाऱ्यांतही बायकांना घ्यावे. तरुण पुरुष शिकून कामासाठी बाहेरगावी जातात आणि शिकवणी त्यांच्याबरोबर जाते, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे.

पाणीपट्टी ठरवताना वर्षाचा खरा खर्च लिहून काढावा: पावडर, वायसर, सुटे भाग, पाणी सोडणाऱ्याचे मानधन, तपासणीचे शुल्क, आणि दहा-पंधरा वर्षांनी पंप किंवा वाहिनी बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला टाकायची रक्कम. शेवटची रक्कम वस्तीला झेपत नसेल तर ती कोण देणार हे स्थानिक प्रशासनाकडून लेखी घ्यावे. सर्वांत गरीब घरांना, वृद्धांना आणि एकट्या बायकांना माफी किंवा श्रमाच्या रूपाने भरण्याची सवलत द्यावी, आणि पैसे थकले म्हणून कोणाचेही पिण्याचे पाणी तोडू नये. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सुरक्षित पिण्याचे पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले आहे. जमाखर्च दर महिन्याला सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लिहावा. थकबाकीमागे गरिबीइतकाच अविश्वासही असतो आणि तो अशाने कमी होतो.

एक जाड वही पाण्याच्या कामासाठी ठेवावी. तिच्यात क्लोरीन कधी किती घातले, शिल्लक किती आली, कोणता भाग कधी बदलला, तपासणीचा निकाल काय आला आणि वस्तीत जुलाबाचे रुग्ण कोणत्या घरांत किती निघाले हे तारखेनिशी लिहावे. एकाच नळावरच्या तीन घरांत एका आठवड्यात जुलाब निघाले तर त्या नळाची वाहिनी त्याच दिवशी तपासावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला, पूर ओसरल्यावर आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पाण्याची जंतुतपासणी करावी, आणि दुरुस्त केलेला पंप क्लोरीनच्या कडक द्रावणाने रात्रभर भरून ठेवून सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाकल्याशिवाय कोणालाही पाणी भरू देऊ नये. पान्हे, दोन जादा वायसर आणि एक जादा तोटी कुलूपबंद पेटीत असावी व किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरांत असाव्यात.

कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पहिल्या वर्षी ज्या आठवड्यात झरा मोजला होता त्याच आठवड्यात, दरवर्षी तीच २० लिटरची बादली त्याच पन्हळीखाली धरावी आणि लागलेले सेकंद वहीच्या पहिल्या पानावर मागच्या आकड्याखाली लिहावेत. ८० चे ९० आणि ९० चे १०५ झालेले दिसले, तर वरच्या उतारावरची झाडतोड, चराई किंवा नवे बोअर यांचा शोध त्याच वर्षी घ्यायचा असतो.